४.२ आणि ४.३ च्या मध्ये

शुक्रवारी संध्याकाळी, ऑफिस आवरताना,
झुराबने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला,
शेजारी चुर्चखेलाची एक कांडी. म्हणजे लाच.
"लामझिरा, पुलाच्या अहवालाची अनुक्रमणिका बिघडलीय.
सोमवारी तिबिलिसीला जायचाय."

कुताइसीच्या या ऑफिसात
माझ्यावाचून पान हलत नाही म्हणतात.
खरं तर पानं हलतात म्हणूनच मला बोलावतात.
कुणी नदीचा एक फोटो जरा मोठा करतो
आणि 'खांबांची झीज' सदतिसाव्या पानावरून
एकेचाळिसाव्यावर जाऊन बसते,
अनुक्रमणिका मात्र जुन्याच पत्त्यावर
पत्रं टाकत राहते.

फाइल उघडली. नेहमीचीच दुखणी.
कुणीतरी अक्षरं ठळक केली, दोन अंकांनी फुगवली
आणि समजलं, झालं शीर्षक.
अरे बाळांनो, नुसतं जाड होऊन कुणी मोठं होत नाही,
स्टाइल लावावी लागते,
नाहीतर अनुक्रमणिकेला तुम्ही दिसतच नाही.
ठिपके तर हातानं मारलेले, एकेक,
आकडे दोरीवरच्या मोज्यांसारखे
कुठेही लोंबकळणारे.
एक टॅब लावला. ओळीत आले मुकाट.
तिसऱ्या भागापासून पानं पुन्हा एकपासून मोजली होती,
एका पुलाला चार पहिली पानं!
तेही सांधलं.
नऊ वाजले. रेडिएटर खाकरून गार झाला.

मग राइट क्लिक.
फक्त पानांचे आकडे नव्हे, सबंध तक्ता ताजा कर.

यंत्र जरा घुटमळलं
आणि एक ओळ उगवली
जी मजकुरात मी पाहिलीच नव्हती:

उत्तरेकडच्या तारेची मला खात्री नाही, पुन्हा मोजा . . . . . . ४४

चव्वेचाळिसाव्या पानावर गेले.
दोन परिच्छेदांमध्ये रिकामी जागा.
माउसनं ओढून निळी केली
तेव्हा दिसली, पांढऱ्यावर पांढरी अक्षरं.
कुणी रंग पुसला होता, हेडिंग पुसायला विसरला.
की विसरला नव्हता?
अनुक्रमणिकेला रंगाचं काय,
ती आपल्याच शाईत लिहिते.

झुराबला फोन केला. मागे टीव्ही, ताटांचा आवाज.
"बाचानाचं असेल ते. शिकाऊ होता,
आता पोलंडला गेलाय, गोदामात. काढून टाक."
"ओळ काढू की तार मोजू?"
"लामझिरा, तू अनुक्रमणिका बघ."

बघतेच आहे.
ओळ निवडायची, साधा मजकूर करायची,
तक्ता पुन्हा ताजा करायचा.
तीन हालचाली. चहा ढवळायला जास्त लागतात.
अनुक्रमणिका स्वच्छ, आणि ती पानाच्या आत
पांढरी, जागच्या जागी, गप्प.

नातेला त्या पुलावरून रोज चीज घेऊन येते,
दोन्ही हातांत बादल्या, कठड्याला धरता येत नाही म्हणून
वारा असला की मधेच उभी राहते.
मला नेहमी थोडं जास्त तोलून देते.

तिबिलिसीत अहवाल कुणी वाचत नाही.
अनुक्रमणिका वाचतात,
ती नीट असली तर सही करतात.
हे बाचानाला कुणी शिकवलं असेल?
एकदा मीच शिकवलं होतं, बहुतेक,
प्रिंटर अडकला होता त्या दुपारी.

अक्षरं काळी केली.
हेडिंग तसंच ठेवलं, फक्त नंबर दिला: ४.३.
जुनं ४.३ खाली सरकून ४.४ झालं,
त्याच्या मागची सगळी प्रकरणं एकेक पायरी उतरली,
कुणीही कुरकुरलं नाही.
तक्ता ताजा केला, फाइल पाठवली,
झुराबलाही एक प्रत. चोरून कशाला.

चुर्चखेला घरी जाताना खाल्ली.
शिळी होती. दोऱ्यापाशी दाताला चिकटली
आणि पार पायऱ्या चढेपर्यंत
जिभेनं मी तिच्याशीच झगडत होते.